एकशे चाळीस चुलींचं आवतण

सहा वर्षांपूर्वी, फाल्गुनातला एक रविवार, सकाळी साडेदहा. जागा शहापुरातलं आमचं घर. रक्कम सव्वा रुपया, सुपारीशेजारी ठेवायची. हजर: मी, माझी पत्नी, आमचा एकुलता एक मुलगा, मुलीचे मामा आणि शेणव्याहून आलेली तीन वडीलधारी माणसं. मुलीचे वडील गैरहजर. ते गल्लीत पाणी पीत होते.

हे आम्हाला मागाहून कळलं. जीपमधून उतरून बाकीचे सगळे आमच्या दारात आले. हे गृहस्थ मात्र गल्लीतल्या पहिल्याच घरापाशी थांबले, प्यायला पाणी मागितलं, दोन शब्द बोलले आणि पुढच्या घरी गेले. तिथेही पाणी मागितलं. आमच्या गल्लीत नऊ घरं आहेत. आठ घरांचं पाणी पिऊन ते आमच्याकडे पोचले तेव्हा पोटात चहालाही जागा नव्हती. मुलाचा पगार त्यांनी विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. खाली बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "कोपऱ्यावरच्या घराशी तुमचं बोलनं का नाय?"

मी खरं ते सांगितलं. त्यांच्या पत्र्यावरचं पाणी आमच्या भिंतीवर पडतं, त्यावरून चार वर्षं वाद होता.

"तो मिटवा, मंग सुपारी फोडू," ते म्हणाले. "आमी पोर घरात नाय देत, गावात देतो. तुमी नवराबायको काय, आज हाय उद्या नाय."

हे शेवटचं वाक्य माझ्या पत्नीला मुळीच आवडलं नाही. पण मुलाला मुलगी आवडली होती. मी पत्र्याची पन्हळ आणली, शेजाऱ्यांनी शिडी धरली आणि मी ती ठोकली. सुपारी पुढच्या रविवारी फुटली. कोपऱ्यावरचे शेजारी वरातीत असे नाचले की त्यांनाच नवऱ्यामुलाचे वडील समजून दोघांनी नारळ दिले.

हे माझे व्याही. भात आणि नाचणी करतात. मुलगी नर्सिंगच्या कॉलेजात असतानाच विहीणबाई गेल्या. त्यानंतर घरात हे दोघंच, पण घर कधी रिकामं नसायचं, कारण व्याह्यांना एकट्यानं जेवता येत नाही. पान वाढून घेतात आणि ओट्यावर येऊन रस्त्यानं कोण जातंय ते बघत उभे राहतात. एकदा बियाण्याच्या जाहिराती चिकटवणारा एक परका माणूस त्यांनी असा धरून जेवू घातला. बिचारा त्यांनाच बियाणं विकायला आला होता, ते विकायचं विसरून गेला.

एकदा मुरबाडच्या बाजाराला बैल घ्यायला गेले. संध्याकाळी परत आले ते बैलाशिवाय, पण दोन लग्नांची आणि एका सत्यनारायणाची आमंत्रणं घेऊन. बैल का नाही घेतला विचारलं तर म्हणाले, विकणारा मानूस फार चांगला निघाला, त्याचा बैल कसा तोडायचा त्याच्यापासून.

कुठल्याही नव्या गावी गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: इथं मयताला किती मानसं येतात? यावरून ते गावाचा दर्जा ठरवतात. नवी मुंबईत माझ्या साडूंच्या वसाहतीत त्यांनी हा प्रश्न सोसायटीच्या अध्यक्षांना लिफ्टमध्ये विचारला. अध्यक्ष पुढच्याच मजल्यावर उतरले, आणि ते राहत होते नवव्यावर.

मी माणसं मोजतो, ते चुली मोजतात. आमच्याकडे घरातल्या एकाला जेवायला बोलावणं वेगळं आणि चूलबंद आवतण वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही. म्हातारी, पोरं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. दारात हळदीचे तांदूळ ठेवून हे सांगतात. व्याह्यांनी आयुष्यात याच्याहून खालचं आवतण कुणाला दिलेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझ्या सुनेला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. शहरात नव्हे, पार आत, वाळवंटात, जिथे जायला तिकडचेही लोक तयार होत नाहीत. जमिनीतून ओपल नावाचा रंगीत खडा काढणाऱ्यांचं ते गाव आहे. नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. ती तिथल्या लहानशा दवाखान्यात नर्स, आणि माझा मुलगा दूरच्या एका मोठ्या खाणीवर यंत्रं दुरुस्त करतो. आठ दिवस खाणीवर, सहा दिवस घरी. तिथे दोन वर्षं झाली आणि मला नात झाली. माझ्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बारशाला मी आणि व्याही असे दोघेच निघालो.

ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर मी फॉर्ममध्ये सगळे खाद्यपदार्थ खरेखरे लिहिले. त्यामुळे व्याह्यांची सुकट पकडली गेली. मला वाटलं भांडतील. त्यांनी उलट त्या अधिकारी बाईला हातवारे करून, कांदा किती बारीक चिरायचा आणि कोकम केव्हा टाकायचं, ते सगळं समजावलं. मागे रांग लागलेली. बाईनं लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली आणि पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. व्याही मला म्हणाले, "आता नाय तर नंतर करंल."

तिथून मुलगा गाडीनं आम्हाला घेऊन निघाला. दिवसभर एकच रस्ता, दोन्ही बाजूंना लाल माती. झाड म्हणावं असं काही नाही. व्याही पुढे बसून दर थोड्या वेळानं विचारायचे, "इथं कोन राहतं?" मुलगा म्हणायचा, कुणी नाही. शेवटी त्यांनी विचारणं सोडलं आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करायला लागले. सगळ्या ट्रकवाल्यांनी उलट हात केला. त्यांचा चेहरा जरा सुधारला.

गावात पोचलो तर गावच नाही. एक पेट्रोल पंप, एक दुकान, दवाखाना, आणि पुढे दोन उघड्याबोडक्या टेकड्या. उन्हाळा इतका कडक की तिथले लोक जमिनीच्या वर राहतच नाहीत. टेकडीच्या पोटात खोल्या कोरतात आणि आत राहतात. आत मात्र छान गार. आपल्या लेण्यांसारखं, फक्त फ्रिज आणि सोफ्यासकट. व्याह्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, नाणेघाटात मुक्काम केल्यागत वाटतंय.

सुनेनं चहा केला. बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. मग आपल्या वडिलांसमोर बसून ती शांतपणे म्हणाली, "बाबा, परत जाताना मला आणि हिला घेऊन चल."

माझा मुलगा खाली बघत राहिला. त्याला हे आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, भांडण काही नाही, हा चांगला आहे, पण हा आठ-आठ दिवस नसतो. दोन वर्षांत माझ्या घरी कुणी आलं नाही. रस्त्यात भेटले तर हात करतात आणि जमिनीत शिरतात. बाळंतपणानंतर सव्वा महिना मी भिंतीशी बोलत्येय.

मी मनात ताबडतोब हिशोब केला. ती परत आली तर मुलगा तिथे, बायको-मुलगी इकडे. नोकरी सोडून तोही आला तर पुढे काय? माझ्या मुलाचा संसार माझ्या डोळ्यांदेखत दोन देशांत वाटला जात होता आणि ज्यानं उत्तर द्यायचं तो माणूस बाळाच्या नाकाकडे बघत होता.

बाळाचं दुपटं सारखं करून ते म्हणाले, "रविवारी बारसं करू. गाव जेवाया आला तर तू इथंच राहा गो बाय. नाय आला तर सामान भर, मी घेऊन जातो. व्याही साक्षीला हायत."

"बाबा, कोणी येणार नाही."

"त्ये रविवारी बघू."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण साक्षीदार म्हणून मी अंदाज काढला. डॉक्टर, दवाखान्यातली दुसरी नर्स, दुकानदार, झालंच तर त्याची बायको. चार.

मुलगा आम्हाला सोडून खाणीवर गेला, बारशासाठी लवकर सुटून तो शनिवारी येणार होता. मंगळवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, व्याह्यांनी दुकानातून आणलेल्या तांदळाला हळद लावली, ताट माझ्या हातात दिलं आणि आम्ही आवतण द्यायला निघालो. सून बाळाला घेऊन दवाखान्यात तपासणीला गेली होती.

अडचण अशी की दारं दिसेनात. घरांची तोंडं कुठे या अंगाला, कुठे त्या अंगाला, काही तर मातीच्या ढिगाऱ्यांमागे. दिसत होत्या फक्त टेकडीवर जमिनीतून वर आलेल्या लोखंडी नळ्या, कमरेएवढ्या, वर टोपण. व्याही उभे राहून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"धुराडी," ते म्हणाले. "खाली चूल असल्याशिवाय धुराडं कशाला? चला, मोजा तुमी."

मी मोजू लागलो. ते प्रत्येक नळीपाशी जायचे, टोपणाखाली हात घालून चिमूटभर तांदूळ आत सोडायचे, मग तोंड लावून ओरडायचे, "रविवारी चूलबंद हाय तुमाला, नातीचं बारसं हाय." आणि पुढच्या नळीकडे.

सातव्या नळीनंतर एक माणूस टेकडीच्या बाजूनं धावत वर आला. छातीपर्यंत दाढी, अंगावर फक्त चड्डी, केसांत आमचे तांदूळ. मी इंग्रजीतून माफी मागायला सुरुवात केली. व्याह्यांनी मला बाजूला केलं, त्याला हात जोडले, दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला, मग जेवायची खूण केली, मग त्या माणसाच्या आणि सगळ्या टेकडीच्या दिशेनं हात फिरवला. त्या माणसानं केसांतला एक तांदूळ काढून बघितला. मग त्यानं विचारलं, नर्सचं बाळ का? मी हो म्हटलं. तो चड्डीतच आमच्याबरोबर पुढच्या दहा नळ्या फिरला.

एका नळीतून उलट शिव्या आल्या. पाठोपाठ एक म्हातारी बाहेर आली, हातात चहाचा मग, मगात पिवळे तांदूळ तरंगतायत. हीच पेट्रोल पंप चालवते, हे मला नंतर कळलं. व्याह्यांनी पुन्हा पाळणा, जेवण, सगळं करून दाखवलं. तिनं चहा जमिनीवर ओतला आणि पुढच्या नळीकडे बोट केलं. व्याह्यांनी तिथेही तांदूळ टाकले. तिनं त्यापुढच्या नळीकडे बोट केलं. असं करत पाच नळ्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी ती हसत होती. का, ते आम्हाला कळलं नाही.

दोन्ही टेकड्या मिळून एकशे चाळीस नळ्या भरल्या. एका चुलीला तीन माणसं धरली तरी चारशे वीस. दुकानातला सगळा तांदूळ, सगळी डाळ आणि सगळे बटाटे मी लिहून घेतले, तरी तो हिशोब जमेना. सून घरी आल्यावर तिला हे सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, मग हसता हसता रडली, मग व्याह्यांनी तिला पाणी दिलं.

शनिवारी मुलगा आला. एकशे चाळीस चुली ऐकून त्यानं बूट काढायचे थांबवले. म्हणाला, अण्णा, ती धुराडी नाहीत. हवा यायला प्रत्येक खोलीला वेगळी नळी असते. आपल्याच घराला चार आहेत. सगळी मिळून घरं चाळीस असतील.

मला एवढा आनंद झाला की मी तिथल्या तिथे तांदूळ निम्म्यानं कमी केला. व्याही मात्र गंभीर झाले. ज्याच्या घरी तीनदा आवतण गेलं, त्याला तीनदा आग्रह करावा लागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग एकदम आठवून त्यांनी विचारलं, त्या पंपवाल्या बाईच्या घरात किती मानसं? मुलगा म्हणाला, एकटीच. नवऱ्यानं खोदलेल्या पाच खोल्या, नवरा गेला.

रविवार. घरामागे एक जुना बोगदा आहे, खडा संपला म्हणून सोडलेला. लांब, सरळ, गार. व्याहीच म्हणाले की हा पंगतीसाठीच खणला असणार. आम्ही दोन्ही भिंतींलगत जुनी वर्तमानपत्रं अंथरली. खाणीच्या कँटीनमधून आणलेल्या पातेल्यांत वरण, भात, बटाट्याची भाजी आणि शिरा. बारा वाजता दाढीवाला आला आणि त्यानं यंत्रानं छताला भोक पाडून पाळण्याचा आकडा बसवून दिला. साडेबाराला कुणी नाही. व्याही बोगद्याच्या तोंडाशी उभे. सून बाळाला घेऊन आत, तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पाऊणला कुणी नाही.

मग गाड्यांची धूळ दिसली.

आले. डॉक्टर, दुकानदार, खाणवाले, त्यांच्या बायका, कुत्री. सगळ्यांच्या हातात झाकलेली भांडी. मी जवळ जाऊन बघितलं: केक, उकडलेले बटाटे, भाजलेलं मांस, लालभडक जेली. तिकडे कुणी जेवायला बोलावलं की आपला एक पदार्थ घेऊन जातात. इथे तर त्यांनी आपसांत ठरवलं होतं की आपल्याकडे जितक्या नळ्यांतून तांदूळ आले तितके पदार्थ न्यायचे. पंपवाली बाई गाडीतून पाच भांडी उतरवत होती.

व्याह्यांचा चेहरा उतरला. "चूलबंद सांगितलं व्हतं," ते मला हळूच म्हणाले. "यांनी तर सगळ्या चुली पेटवल्या. आपल्याकडचं खायाचं नाय यांना."

आमच्याकडे आवतण दिल्यावर कुणी स्वतःचा डबा घेऊन आला तर त्याचा अर्थ एकच होतो. ते एका दगडावर जाऊन बसले. मी मनातल्या मनात मुलाच्या संसाराचा हिशोब पुन्हा सुरू केला.

तेवढ्यात आत सुनेचा आवाज चढला. तिनं बाळ मुलाकडे दिलं होतं आणि कमरेला ओढणी खोचून ती पंगतीत वाढत होती. एका जाड्या माणसानं शिऱ्यासाठी ताट पुढे केलं तर तिनं पळी मागे घेतली: तुमची साखर किती वाढलीय ते मी सांगू का सगळ्यांना? पुढच्या म्हातारबुवांना तिनं खाली बसूच दिलं नाही, गुडघ्याचा टाका अजून ओला आहे म्हणून खुर्ची मागवली. एका पोरीला म्हणाली, गोळ्या घेतल्यास का, खरं सांग. दाढीवाल्याच्या भातावर तिनं स्वतःच वरण जास्त घातलं, याचं पोट मला माहीत आहे म्हणून. दोन ओळींत एक माणूस असा नव्हता ज्याचं तिला काही ना काही ठाऊक नव्हतं. ते सगळे मान खाली घालून ऐकत होते आणि हातानं वरणभात खायची खटपट करत होते. भात दुसऱ्यांदा मागितला गेला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मी निम्म्यानं कमी केलेला तांदूळ मला आठवला.

व्याही दगडावरून उठले. बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"व्याही," ते म्हणाले, "आपली पोर काय येत नाय आपल्यासंगं."

मग स्वतः पंगतीत बसले, पंपवाल्या बाईची पाचही भांडी समोर ओढली आणि एकेक उघडून सगळ्यातलं खाल्लं. लाल जेली त्यांना विशेष आवडली. सून वाढता वाढता त्यांच्यापाशी आली, जेली हलते कशी ते बघणाऱ्या आपल्या बापाकडे बघत म्हणाली, बाबा, परतीचं तिकीट तू एकट्याचंच काढलं होतंस ना? ते म्हणाले, व्हय, मला ठाऊक व्हतं. हे खरं नव्हतं. याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर स्वतःची, लेकीची आणि नातीची अशी तिघांच्या परतीची चौकशी केली होती.

नाव ठेवायच्या वेळी प्रश्न आला आत्याचा. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं, आणि मला तर मुलगी नाही. व्याह्यांनी पंगतीवर नजर टाकली आणि पंपवाल्या बाईला हाताला धरून पाळण्यापाशी आणलं. पाच वेळा आवतण दुसऱ्या कुणाला गेलंय, असं विचारून त्यांनी वाद संपवला. सुनेनं तिला समजावलं: कानात कुर्र म्हणायचं, मग नाव सांगायचं, आणि तेव्हा बाकीचे तुझ्या पाठीत धपाटे घालतील. खाणीवरचे ते आडदांड पुरुष मागे सरकले, म्हातारीला मारायला कुणी तयार होईना. तिनं मान वळवून त्यांना एक शिवी हासडली आणि वाकली. कुर्र इतक्या जोरात केलं की बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्री भुंकायला लागली, बाळानं टाहो फोडला, आणि तिच्या पाठीवर सगळ्या गावाचे हात पडले. नाव तिनं बरोबर सांगितलं. सून डोळे पुसत हसत होती आणि म्हणत होती, आता हिला मी वन्सं म्हणायचं.

माझ्या ते तेव्हा लक्षात आलं. आत्या म्हणजे माझ्या मुलाची बहीण. बहीण म्हणजे माझी मुलगी. मला छप्पन्नाव्या वर्षी एकाहत्तर वर्षांची मुलगी झाली होती, आणि आत्याचा मान तिच्या बापानं द्यायचा असतो.

पत्नीनं दिलेली साडी आणि खण मी पुढे केला, वर एकशे एक रुपये. व्याह्यांनी तिला आधीच शिकवून ठेवलं होतं. तिनं तोंड फिरवलं, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत बसली आणि मराठीत म्हणाली, "अजून."

मी आणखी शंभर ठेवले.

"अजून."

सगळा बोगदा तिच्या बाजूनं. दाढीवाला मागून मोठ्यानं तोच शब्द म्हणायला लागला, मग सगळेच. मी खिसा झाडला. आसनगाव स्टेशनावरून घरी जायला राखून ठेवलेले भारतीय पैसे तेवढेच होते. त्या गावात त्यांचा काही उपयोग नाही हे तिलाही माहीत होतं, पण ती नोटा एकेक करून बोटाला थुंकी लावून मोजत होती आणि माझ्याकडे संशयानं बघत होती. मोजून झाल्यावर उठली, सुनेचा हात धरला, आणि दर रविवारी ह्या दोघी जेवायला माझ्याकडे, असं मला बजावून सांगितलं.

एकूण दिलं: साडी एक, खण एक, रोख सातशे चाळीस रुपये. माझ्या एकुलत्या एक मुलीला, तिच्या हातात.